ओल्या काजूबीचा रंग

खानापुरात, हार्डवेअरच्या दुकानात
बसवंतण्णांनी कार्ड पुढं सरकवलं,
'अक्का, याव बण्ण?'
आणि मी कानडी कळत असून
कळलं नाही अशी उभी राहिले.

एकतीस वर्षं लोंढ्याच्या क्वार्टरात
भिंतींचा रंग खात्याचा होता.
पाच वर्षांतून एकदा माणसं यायची,
बादल्या, काथ्याचे कुंचले, विडीचा वास,
आमची भांडी अंगणात,
आणि संध्याकाळी घर पुन्हा तेच, पिवळं,
फक्त जरा जास्त पिवळं.
खिळा मारायचा तरी साहेबाला विचारा.
आधीच्या कुणीतरी मारलेल्या खिळ्यावर
आम्ही देव टांगला,
म्हणून गणपती कायम दाराच्या मागं.

हे घर दहा बाय चौदा.
लाकडाचं, कारण जागा उताराची
आणि मल्लाप्पा बडिगेर फळ्या स्वस्तात देतो म्हणाला.
फळ्याही एका गोताच्या नाहीत:
मत्तीच्या, फणसाच्या,
दोन शाळेच्या बाकाच्या,
कर्कटकानं कोरलेली 'मंजुळा' सोबत घेऊन आलेल्या,
आणि एक खोक्याची, तिच्यावर बाण.
ही बाजू वर, असं सांगायचा तो कधीकाळी.
आडवा ठोकल्यापासून चुलीकडं बोट दाखवतो.

'रंगवताय कशाला?' मल्लाप्पा म्हणाला,
'लाकडाला लाकडाचा रंग असतोय की.'
असतो. पण खिडकी एकच,
आणि चार वाजले की आतलं लाकूड
अंधाराच्या बाजूनं बोलायला लागतं.

आधी घासणं. शंभर नंबरचा पेपर, मग दीडशेचा.
फणसाचा पिवळा भुसा नाकात, पदरात,
दुपारच्या भाकरीतसुद्धा.
आमचे हे शिडी धरून, कमरेला पट्टा.
जन्मभर रूळ उचललेला माणूस
खालून वर बघून सांगतो,
'डावीकडं राहिलं बघ.'
राहू दे.
मग गाठींवर चपडीचा हात.
सगळ्या गाठी दबल्या, एक सोडून.
प्रायमरमधून ती वर आली, चहाच्या डागासारखी.
पुन्हा चपडी, पुन्हा पांढरा हात.
सकाळी बघते तर हजर.
'तुझ्यासारखीच आहे,' हे म्हणाले.
मी ब्रश धूत होते. बोलले नाही,
पण टर्पेंटाईन जरा जोरात झटकलं.

रंगाचं सांगायचं राहिलं.
नको ते पटापट सांगता येत होतं.
पिवळा तर नकोच. लाल नको, भगवा नको,
आमच्या भागात कुठल्या रंगाचा काय अर्थ निघेल नेम नाही,
मला झेंडा नको होता, भिंत हवी होती.
पण हवं ते?
बसवंतण्णांनी मधे दोन गिऱ्हाइकं उरकली,
पाव किलो खिळे तोलले,
मग मराठीत म्हणाले, 'बसा अक्का, घाई नाही.'
स्टूल दिलं.
स्टुलावर बसून, साठाव्या वर्षी,
मी आठवायला लागले मला काय आवडतं.

जांबोटीकडचं माहेर. शिमग्याच्या आधीचे दिवस,
बोंड अजून धरलेलं नाही,
डहाळीच्या टोकाला नुसती बी,
हिरवी म्हणावी तर राखेत लोळलेली,
फोडली की बोटांची सालं काढणारी,
तरी फोडायचीच.

'ओला काजू,' मी म्हटलं.
ते हसले नाहीत.
'हसी गोडंबी,' स्वतःशी पुटपुटले,
डब्यात थेंब टाकत गेले, हिरवा, काळा, परत हिरवा,
काडीनं ढवळून झाकणावर बोटभर लावून दाखवला.
'अजून जरा राख पाहिजे,' मी म्हटलं.
एवढ्या ठामपणे मी कधी
जेवताना मीठ मागितलं नव्हतं.

दोन हात झाले. बाण बुजला.
मंजुळेत मी लांबी भरली नाही,
ऊन तिरपं झालं की ती वाचता येते.
गाठ आहे तिथंच आहे.
तिच्या शेजारी काल एक खिळा मारला,
कुणाला न विचारता, तीन ठोक्यांत.
'काय टांगणार?' हे विचारतात.
बसा म्हटलं. घाई नाही.