तिसरं नाव

मिस्सा संपली की सिस्टर किल्ली माझ्या हातात ठेवतात
आणि जीपनं पुढच्या गावाला जातात.
मग देवळामागच्या खोलीत मी, अकरा पोरं,
कपाशीच्या खताच्या चार गोण्या,
नाताळच्या गव्हाणीचा मोडका सांगाडा,
आणि फळ्यावर मागच्या रविवारची
पवित्र आत्म्याची सात दानं, अर्धवट पुसलेली.
पाचव्याच्या पुढं कुणालाच येत नाही.
खरं सांगायचं तर
मलाही वहीत डोकवावं लागतं.

मे महिन्यात बिशप येणार. दृढीकरण.
म्हणून आज नावं.
एकेका संताचं नाव निवडा, मी सांगते,
जन्मभर तो तुमच्यासोबत चालेल.

दावीदला सेबास्टियन पाहिजे.
का रे?
बाण लागूनबी मेला नाही, टीचर.
जेनिफरला अ‍ॅग्नेस, कारण चित्रात तिच्याजवळ कोकरू आहे
आणि यांच्या शेळीनं काल दोन पिल्लं दिली.
मोझेस विचारतो,
क्रिकेट खेळणारा संत आसतो का एखादा?
बघते, मी म्हणते.
हे ‘बघते’ या खोलीत मी फार वापरते.

शेवटी भिंतीला टेकून बसलेला अनुग्रह.
यंदाच आवाज फुटलाय, म्हणून कमी बोलतो.
टीचर, मला तं आधीच दोन नावं हायेत.
देवळाच्या रजिस्टरात अनुग्रह.
शाळेत अरविंद, दाखल्यावरबी तेच,
अन् खाली आज्याची जात.
परवा गंगापूरला तहसीलीत पप्पा म्हणले,
कोणी अनुग्रह म्हणून हाक मारली तर ओ द्यायची नाही.
सायबानं इचारलं, चर्चला जातो का रे?
मी म्हणलो, नाही.
त्यानं पुन्हा इचारलं.
मी पुन्हा म्हणलो.

दोनदाच ना, मोझेस म्हणतो,
आजून एक बाकी हाय, मंग कोंबडा.

सगळे हसले.
मग एकेक जण हसायचा थांबला,
पंखा बंद केल्यावर पाती थांबतात तसा.
कारण या खोलीत एकच नाव असलेलं पोर
शोधूनही सापडणार नाही.

पुस्तकात उत्तर आहे याचं.
आठवी आज्ञा, खोटी साक्ष, पान एकेचाळीस.
दीड ओळीचं उत्तर, पाठ व्हायला सोपं.
माझ्या पिशवीत अंगणवाडीचं ओळखपत्र होतं,
त्यावर शोभा.
बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली मी मोनिका झाले होते.
आई दोन्ही नावांनी हाक मारायची नाही,
नुसतं ‘ए पोरी’ म्हणायची,
आणि त्याला मी पळत जायचे.

मी पान उघडलं नाही.
म्हटलं, पेत्राला विचारणारी एक मोलकरीण होती.
शेकोटी होती, रात्र होती,
पण तिच्या हातात शिक्का नव्हता.
म्हंजे माझं चालतंय? अनुग्रहनं विचारलं.
मी पुन्हा ‘बघते’ म्हणणार होते.
नाही म्हटलं.
माहीत नाही, एवढंच म्हटलं,
आणि खडू हातातच राहिला.

बराच वेळ त्यानं नखानं भिंतीचा पोपडा काढला.
मग म्हणाला, लिहा टीचर. पेत्र.
कोंबड्यामुळं का? मोझेस.
नाही बे. त्यालाबी दोन नावं होती.
आधी शिमोन होता तो.

मी यादी पूर्ण केली.
मोझेसच्या समोरची जागा कोरी सोडली.
खाली छापलेलं होतं: धर्मशिक्षिकेची सही.
पेन टेकवलं, उचललं,
शाईचा एक ठिपका तेवढा पडला.

पोरं गेल्यावर खोलीला कुलूप लावताना पाहिलं,
दारात एकच जोड उरलाय, निळ्या पट्ट्याचा,
दावीद आजही
दुसऱ्याच्याच चपला घालून गेला.