घुमटात

मीटरच्या पेटीमागे ती राहते.
वीजखात्याचा माणूस आकडा घ्यायला येतो
आणि दर खेपेला तेवढाच दचकतो.
काही करत नाही हो, मी म्हणते.
हे तुम्ही मार्चातही म्हणालात, तो म्हणतो, लांबूनच.

लग्न होऊन मये गावात आले
तेव्हा मीही केरसुणी घेऊन धावायची.
एकदा नुसतं शेपूट खाली पडलं,
लादीवर वळवळत राहिलं कितीतरी वेळ,
आणि ती तुळईवरून बघत होती
तिचं नसल्यासारखं.
मामंजी सुपारी कातरत होते.
"ती भाडं डासांत देते," म्हणाले. "राहू दे."

मग राहू दिलं.
न्हाणीमागे सापसुरळी, पोफळींवर सरडे,
मान लाल करून दिवसभर कुणाशी तरी भांडणारे;
आणि विहिरीच्या चिऱ्यांत घोरपड,
जिच्याबद्दल मामंजी कधीच बोलत नसत.

माळ्याखाली खुंटीला त्यांचं घुमट.
मातीचं पोट, तोंडावर घोरपडीचं कातडं,
कायदा यायच्या आधीचं.
कुणी मारली, कुठे, मी विचारलं नाही.
पण चवथीला आरतीत ते वाजलं की
आवाज पाण्याखालून यायचा
आणि मामंजींचा चेहरा एकदम तरुण व्हायचा,
थोडा अपराधीही.

यंदा घुमट काढलं, धूळ फुंकली, एक थाप दिली.
आत काहीतरी खुळखुळलं.
मनात नव्हे, खरोखरच चुकचुकली पाल,
भिंतीवर, अगदी जवळ.
मामंजींनी उघड्या तोंडाशी डोळा लावला:
पांढरी, वाटाण्याएवढी, दोन.

मंडळी खोळंबली होती.
दामू शेट्याच्या हातात कासाळं तयार.
मामंजींनी घुमट परत खुंटीला लावलं
भरल्या घागरीसारखं, दोन्ही हातांनी.
"बकऱ्याचं आण रे," नातवाला म्हणाले.
आरती झाली. आवाज कोरडा होता.
कुणी काही बोललं नाही,
प्रसादाला मात्र सगळे थांबले.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला.
नऊच्या उन्हात मामंजी विहिरीच्या कठड्यावर,
तीन हातांवर घोरपड,
पोट तापल्या चिऱ्याला टेकवून.
तिचा गळा हलत होता.
मामंजींची बोटं मांडीवर
काहीतरी वाजवत होती, आवाज न करता.

मी पेज घेऊन गेले ती तिथेच थांबले.
पेज निवत गेली.