विषयाची ओळ

शुक्रवारी रात्री भाताचा कुकर उतरवला की
मी पत्र लिहायला बसते.
पत्र म्हणजे जाहिरातच,
पण पुण्याच्या एका हुशार माणसानं
नव्व्याण्णव रुपयांत शिकवलंय:
जाहिरात म्हणू नका, नातं म्हणा.

सिंदेवाहीत नाती काय कमी आहेत?
तरी माझ्या पोलीस भरतीच्या क्लासात
खुर्च्या अठरा, पोरं सात.
त्यातली दोघं तेंदूपत्त्याच्या हंगामात
पहाटेच जंगलात जातात,
धावायचा सराव तिथंच होते म्हणतात, मॅडम,
मागं वाघ असला की टायमिंग सुधरते.

बाबा नाटकाचा पुकारा करायचे.
रिक्षाला भोंगा बांधून
नवरगाव, वासेरा, गुंजेवाही,
"आज रात्री ठीक साडेनऊ वाजता!"
ठीक साडेनऊ कधीच वाजले नाहीत,
पडदा उघडायचा साडेअकराला,
पण लोक सतरंजी काखेत मारून यायचे.
माझा भोंगा मुका.
दोनशे अकरा पत्ते,
बटण दाबलं तरी गल्लीतलं कुत्रंही भुंकत नाही.

सकाळी आकडा दिसतो.
उघडलं एकोणीस जणांनी.
विषयाच्या ओळीत गळ हवा, पुण्याचा माणूस म्हणाला.
म्हणून लिहिलं, "फक्त तीन जागा शिल्लक!"
आणि मान वर केली
तर अकरा खुर्च्या माझ्याकडे बघत होत्या.

एकोणिसातला एक मात्र पक्का.
दर शनिवारी पहाटे चार-दहाला उघडतो,
एकदा नाही, तीन-तीनदा.
मला वाटलं निकुरे सर असतील,
पलीकडच्या गल्लीतली अकॅडमी,
बॅनरवर पोरांपेक्षा स्वतःचाच फोटो मोठा.
घ्या म्हटलं, आणि शेवटी मुद्दाम कोडं घातलं:
एक नळ टाकी बारा तासांत भरतो,
दुसरा वीस तासांत,
तिसरा गळका, पाच तासांत रिकामी करतो.
तर टाकी किती तासांत भरेल?

त्या शनिवारी पहिल्यांदा उत्तर आलं.
राइस मिलच्या पावतीमागे
बॉलपेननं सोडवलेलं, फोटो जरा हललेला,
कोपऱ्यात कोंडा चिकटलेला.
"टाकी भरतच नाही मॅडम.
गळका नळ दोघायलेही भारी हाय.
का मीच चुकलो?"

पंधरा लिहायचे होते.
त्यातला एक माझ्या बोटाखाली राहून गेला.

खाली लिहिलं होतं: होमराज चौखे, रातपाळी चौकीदार, वय छत्तीस.
"भरतीचं वय निघून गेलं. गणित सुटलं नाही.
क्लास काही लावणार नाही, खोटं काहून बोलू.
पण पत्र येऊ द्या.
रात लय लांब रायते."

चौथ्या धड्यात पुण्याचा माणूस सांगतो:
जे कधीच पैसे देणार नाहीत
त्यांची नावं काढून टाका, यादी हलकी ठेवा.
काढली.
बंद पडलेले पत्ते काढले,
पोरांनी मस्करीत दिलेले काढले,
लग्न होऊन आरमोरीला गेलेली प्रणोती काढली,
तिला कळणारही नाही.
मग चौखेंच्या नावावर बोट ठेवलं.
बाहेर कुणाची तरी गाय
आमच्या फाटकाला अंग घासत होती,
बराच वेळ.

या शुक्रवारी तीन जागांची थाप नाही.
लिहिलं, मागच्या कोड्यात चूक माझी होती,
आणि ती एका वाचकानं पहाटे पकडली.
विषयाच्या ओळीत एवढंच:
टाकी भरत नाही.

पाठवल्यावर लक्षात आलं,
फी लिहायची राहिली,
क्लासचा नंबरसुद्धा.

चार-दहाला शून्याचा एक झाला.
मी जागीच होते.