तोंड वाऱ्याकडे

चावी लगेच फिरवू नकोस, इरुपे.
सात वर्षं निजलेल्याला
असं गदागदा हलवून उठवतात का?
आधी प्लग काढ. चार भोकं,
चारांत चमचा चमचा तेल, आणि रात्रभर मुरू दे.
उद्या पुढून हँडल घालून हातानं फिरवू.
अडलं तर जोर नाही करायचा.
जोर करणारे मी तेलविहिरींवर पुष्कळ पाहिले,
त्यांची बोटं अजून तिथंच आहेत.

तुझ्या बापानं घेतली तेव्हा ही सायीच्या रंगाची होती.
इथला वारा येताना वाळू आणतो,
जाताना रंग नेतो.
पत्र्याची शेड मी बांधली खरी,
पण वाऱ्याला दार कशाला लागतंय.

एअर फिल्टर उघडला तर आत उंदराचा संसार:
सीटमधला काथ्या, माझ्या बायकोची निळी लोकर,
युनियनच्या वर्गणीची कुरतडलेली पावती.
तसाच उचलून शेडमागं ठेवलाय.
पिल्लं नव्हती. असती तर
तुला आठवडाभर थांबवून घेतलं असतं, खरं सांगतो.

पेट्रोल नासलंय. हुंगून बघ,
जुन्या कपाटाच्या वार्निशसारखं येतंय ना?
टाकी उतरवू, खडे घालून खळखळवू.
रबरी नळ्या सगळ्या नव्या.
टायर एका अंगावर बसू नयेत म्हणून
दर महिन्याला मी चाकं वीतभर फिरवायचो.
दर महिन्याला म्हणतो,
पण गुडघा गेल्यापासून नाही.

आता ब्रेक.
थांब, इथं मला जरा बसू दे.

अनिबाल एकदा निघाला होता.
तुम्हाला घरी ठाऊक नसणार.
मार्चमधली पहाट, मागच्या सीटवर शिवणयंत्र,
तुझ्या आईसाठी, घोंगडीत बांधलेलं.
चौथ्या दिवशी गाडी परत माझ्या दारात.
म्हणाला, एव्हारिस्तो, ब्रेक धरत नाहीत.
मी चारही चाकं उतरवली.
ड्रम आरशासारखे लख्ख,
लायनिंग निम्म्याहून जास्त शिल्लक,
तेल काठोकाठ.
तो पायरीवर बसून समुद्राकडे बघत होता,
जिथून समुद्र दिसत नाही अशा पायरीवर.
मी म्हणालो, गेलेत रे. बरं झालं फिरलास.
नवे बसवले. पैसेही घेतले.
न घेतले असते तर त्याला कळलं असतं.

मला विचारू नकोस का ते.
मी चिलोएचा. बस, बोट, पुन्हा बस,
चाळीस वर्षं झाली,
आणि माझ्याकडे तर ब्रेकचंही निमित्त नाही.

असो. यंत्र मी ठेवलंय झाकून.
जड आहे, मागच्या टायरांत हवा थोडी जास्त भर.
आईला त्यातलं काय सांगायचं, किती सांगायचं,
रस्ता लांब आहे, ठरेल.

आणि हे लक्षात ठेव.
गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे,
नाहीतर दार उघडलंस की बिजागरी हातात.
संध्याकाळी ग्वानाको रस्त्यावर येतात.
एक दिसला की वेग कमी,
तो गेला तरी कमीच ठेव,
त्याच्या मागं दुसरा असतोच.
चढावर गरम झाली तर उतर, बॉनेट उघड,
माते पी. ती नीट निवाल्याशिवाय
रेडिएटरच्या टोपणाला हात लावायचा नाही.

समोरच्या कप्प्यात एक कागद आहे.
सिएरा ग्रांदेच्या पंपाची पावती, मार्चची,
अठ्ठावीस लिटर.
गाडी साफ केली तेव्हा सगळं काढलं,
ती मात्र राहू दिली.
तिथं पोचलीस की
टाकी अर्धी असली तरी भर,
पुढचा पंप लांब आहे.
आणि पावती मागून घे.