दोन दांड्यांची जागा

कुहीकडून कंपनीचा माणूस आला,
म्हणाला, तुमच्या गावात फोर-जी चालू झालं.
पंचफुलाबाईनं त्याला चहा दिला,
विचारलं, "कुठी ठेवलं गा ते?"

टॉवरसाठी खोदलेल्या खड्ड्यात
तिसऱ्या साली बेडकं झाली.

चारी बाजूंनी धरणाचं पाणी.
रेशनचा ओटीपी हवा तर
यादोरावचा डोंगा, वीस रुपये.
मधोमध जायचं, मोबाईल वर धरायचा,
श्वासही जपून घ्यायचा.
दोन दांड्या येतात. एक जाते.
नागपुरातली पोरगी "हॅलो, आई" म्हणते,
पुढचं वाऱ्यावर.

यादोराव वल्हं थांबवतो
बरोबर त्याच जागी, अंधारातसुद्धा.
इथंच खाली,
चार पुरुष खोल,
आपलं जुनं पोस्ट.