छेद

मासेरूहून आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी
फळा पुसला आणि विचारलं, तुमचा प्रश्न काय?
आम्ही अकरा बायका, दोन पुरुष,
सगळ्यांच्या बुटांना घाटाचा चिखल.
म्पोलोकेंग म्हणाली, गरिबी.
सेखोबे म्हणाला, नदी.
मी म्हणाले, आयांना समजतच नाही,
सांगून सांगून जीभ झिजली.
तो म्हणाला, हे उसासे झाले.
प्रश्न एवढासा हवा
की खिशात घालून डोंगर चढता यावा.

एकोणीस वर्षं मी रजिस्टर भरते आहे.
लाल रेघेच्या अलीकडे नाव, पलीकडे लस,
महिनाअखेर बेरीज,
आणि बेरीज घोड्यावरून जिल्ह्याला.
तिथून कधी काही परत आलं नाही,
घोडा सोडून.

त्या आठवड्यात मी पुन्हा अपूर्णांक शिकले.
वर अंश: जी मुलं आली.
खाली छेद: जी यायला हवी होती.
मी जन्मभर वरचंच मोजत होते.
न आलेल्यांसाठी माझ्या रजिस्टरात
रकानाच नव्हता.

संगणक नव्हता, घेवडा होता.
तिसऱ्या डोसला आलेलं मूल, पांढरा दाणा.
पहिल्यानंतर न दिसलेलं, ठिपक्यांचा.
दर गावाला एक बशी.
नदीपलीकडच्या बशा पहाटेपर्यंत
पांढऱ्याशुभ्र झाल्या.
आणि हा-मोलिको, जिथल्या चुलींचा धूर
थेट आमच्या खिडकीत येतो,
त्याची बशी टिटवीच्या अंड्यासारखी.
मी पुन्हा मोजलं.
मग सेखोबेला मोजायला लावलं.
नदी निर्दोष सुटली.

विचारायला निघाले तेव्हा त्याने बजावलं:
उत्तर प्रश्नात बांधून नेऊ नका.
विचारलं की गप्प बसा.
पहिल्या घरी मी विचारलं, का नाही आलात,
आणि तिनं तोंड उघडायच्या आत
मीच कारण सांगितलं, मीच रागावले,
मीच उठून बाहेर आले.
ते घर बाद.
वहीत लिहिलं: चूक माझी.

पाचव्या घरी गप्प बसले.
शेणी धुमसत होत्या.
मापुलेंग मक्याचं पीठ चाळत राहिली
इतका वेळ, की माझ्या दातांमागे
एकोणीस वर्षांचे उपदेश धक्काबुक्की करू लागले.
मग खालीच बघत म्हणाली,
तुमचा वजनकाटा अंगणात टांगलेला असतो.
पलीकडच्या बायकांना इथं कोण ओळखतं?
माझं मूल हलकं आहे
हे माझ्या सासूच्या आधी नळावर कळतं.

तो खिळा मीच ठोकला होता.
बाहेर उजेड चांगला, म्हणून.
आणि आकडा मोठ्यानं वाचायचे,
लिहिणाऱ्याची चूक होऊ नये, म्हणून.

काटा आत घेतला.
आयांची रांग लांबली. मी पत्र लिहिलं,
जरा फुशारकीनंच.
त्याचं उत्तर आलं: काट्यामुळेच, हे कशावरून?
यंदा बर्फ कमी पडलं.
खाणीतले नवरे लवकर घरी आले.
दोन दिवस मी त्याच्यावर चिडून होते.
तिसऱ्या दिवशी त्याच जागी खाज सुटली
आणि मी नवी बशी काढली.
अजून मोजते आहे.

अहवालाच्या शेवटी एक पान असतं, मर्यादांचं.
तेवढं मी कुणाला न विचारता लिहिलं:
मुलं फक्त त्रेचाळीस.
विचारणारी तीच, जी पूर्वी ओरडायची,
म्हणून उत्तरं मवाळ असू शकतात.
एका घरी तीनदा गेले, दार उघडलं नाही.
आत मूल खोकलं.
कारण कळलेलं नाही.
त्याला छेदात धरलं आहे.