झोल

पहिली गिटार अठ्ठावीसशेची. लाकडी, पोकळ.
तारा गळ्यापासून इतक्या उंच
की खालून मुंगळ्यांची वरात गेली असती, घोड्यासकट.
आठ महिने एफ कॉर्ड धरला.
पक्कडीनं जिथं घट्टे पडले नव्हते
तिथं पडले.
एफ वाजला नाही, नुसता खोकला.

शैला म्हणाली, घेणारच असाल दुसरी
तर धड घ्या. करंटची घ्या,
तुम्हाला काय करंटचं अप्रूप.
बोनसमधले साडेअकरा हजार तिनंच मोजले,
वर पन्नास रिक्षाला.

परभणी, स्टेशन रोड, जिलानी मास्तरांचं दुकान.
दारात ताशे, पेटीचे उघडे भाते,
बँडवाल्यांचा चेपलेला ट्रंपेट डागदुजीला आलेला,
परवाची तिथी आहे म्हणून घाईत.
गिटारी मागच्या भिंतीला. तीनच.

'काय बघायलाव?'
'दुसरी. शिकाऊ माणसाची दुसरी.'

काळी, शिंगांची, चौदा हजार.
तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवला,
बाजारात दुसऱ्याच्या बैलावरून फिरवावा तसा.
लाल, कोरी करकरीत, नऊ हजार,
त्यातच पिशवी, पट्टा, वायर
आणि जेवणाच्या डब्याएवढा अँप.
तिसरी सायीच्या रंगाची, कोपऱ्याला पोपडा गेलेली.
कृषी विद्यापीठातला कुणी पोरगा
पदवी घेऊन गावी जाताना ठेवून गेला.
सहा. अँप वेगळा, चार.

मला गिटारीतलं काय कळतं.
तारेतलं कळतं.
लाल उचलली, एक डोळा मिटला,
खांब ओळंब्यात आहे का बघतो
तशी डोक्याकडून खाली नजर सोडली.
मान जराशी पिळलेली.
'नवी हाय, बसंल हळूहळू.'
बसलेले खांब मी पाहिलेत, मास्तर.

सायीच्या मानेला मधोमध किंचित खोल.
हे बरोबर. तारेला झोल ठेवावाच लागतो.
नाही ठेवला तर थंडीत तुटते,
जास्त ठेवला तर वाऱ्यात
तारेला तार लागून ठिणगी.
केवढा, ते पुस्तकात आहे,
पण एकोणीस वर्षं चढल्यावर हाताला कळतं.

अँपला जोडली. डीपीखाली उभं राहिल्यागत गुणगुण.
तारांवर पंजा ठेवला, गुणगुण बसली.
म्हणजे अर्थिंग मीच.
वायर हलवली की खर्रर्र,
आतला टाका सुटलेला. टाका मी लावीन,
असं म्हणतोय तोवर

लाईट गेली.

पंखा थांबला. समोरचं झेरॉक्स थांबलं.
मास्तर हसले, 'लो, तुमच्याच खात्याची मेहरबानी.'
मी म्हटलं, मग नंतर येतो.
'बाद में कायकू? अब्बी सुनो.
करंट था तो डब्बा बोल्या.
अब लकडी बोलेगी.'

लाल: पत्र्यावर हरभरे.
सायीच्या कडेला, मास्तरांनी दाखवली तशी, हनुवटी टेकली
आणि सगळ्यात जाड तार एकदा सोडली.
ती आधी दातांत आली,
मग जबड्यातून कानामागं,
आणि जात राहिली,
लोखंडी खांबाला कान लावला की
लाईन जाते तशी, शिवारामागून शिवार.
किती टिकते म्हणून आकडे मोजत होतो.
नवाच्या पुढं मोजायचं राहून गेलं.

खिशात फोन. माझी आज रजा आहे, म्हटलं.
'रजा असू द्या हो,
लाईट कधी येणार तेवढं सांगा.'

पैसे मोजून दिले. दीड हजार उरले,
त्यातल्या चारशेच्या तारा.
ट्रंपेट तोवर सरळ झाला होता,
मास्तरांनी अंधारात एकदा फुंकून बघितला.

घरीही अंधारच.
शैलाने मेणबत्ती जवळ आणली:
'दहा हजारांत एवढाच आवाज?'
लाईट येऊ दे, मग बघ, म्हणालो.
आणि एफ धरला.
पाच तारा बोलल्या.
एक अजून खोकते.
फोन परत वाजायला लागला, तो उलटा करून
उशीखाली सारला.